स्वयंपाकघरातला साक्षीदार

सुताराला सगळे सरसबुवा म्हणायचे. लाकूड चिकटवायचा तो सरस, आणि दुसऱ्यापेक्षा उजवा तोही सरस. नाव दोन्हीकडून चपखल बसलं होतं. बुवाला त्याचा आतून अभिमान होता, वरवर मात्र तो म्हणायचा, "चिकट्या म्हणत नाहीत, एवढं नशीब."

त्याची हयात दारं-खिडक्यांच्या कारखान्यात गेली. दार ही चीज अशी, की नीट लागतंय तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. जरा अडकलं की सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. तीस वर्षं असली दारं करून बुवा विटला होता. अशात एक दिवस कोपऱ्यावरचा घड्याळजी त्याच्याकडे एक मोडकी फासळी घेऊन आला. बोटभर जाडीच्या पट्ट्यांची, माशाच्या काट्यासारखी हलकी.

"कसली ही?"

"विमानाच्या पंखाची."

"कुणाच्या विमानाच्या?"

"माझ्या."

बुवानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जाड भिंगाचा चष्मा, झिजलेल्या बाह्या, खिशात चिमटा. "घरचे काय म्हणतात?"

"घरच्यांना वाटतं मी कपाट करतोय."

झालं. तिथून बुवा त्या नादाला लागला तो लागलाच.

घरी विमान बांधणाऱ्यांची जमातच निराळी. दिवसा कुणी बस चालवतो, कुणी पाव भाजतो, कुणी लोकांचे दात उपटतो. आणि उरलेल्या वेळात हीच माणसं परसातल्या शेडमध्ये पंख बांधत बसतात. एकाला पंख बाहेर काढायला घराची भिंत फोडावी लागली होती. माप घेताना दार मोजायचं राहिलं होतं. वर्षातून एकदा विमानांचा मोठा शो भरायचा तेव्हा ही सगळी मंडळी मैदानाच्या टोकाला, कचऱ्याच्या पिंपांच्या पलीकडे जमायची. लोक बघायला यायचे ते लढाऊ विमानं. यांच्याकडे फिरकायचे ते संडास शोधत आलेले. पण यांना त्याचं काही नव्हतं. ताडपत्र्या ताणायच्या, घडीच्या खुर्च्या टाकायच्या, चहाचं आधण ठेवायचं आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवायची. त्यात दिवस जायचा.

या जमातीत बुवाचा शब्द शेवटचा. तो स्वतः कधी उडाला नाही, विमानात पाऊल ठेवायचीही त्याला भीती. पण लाकडी पंखाचा कणा चिकटवावा तर बुवानंच. कणा म्हणजे पंखाच्या आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली तुळई. सगळा भार तिच्यावर. ती पातळ फळ्या एकावर एक चिकटवून करतात. डिंक दोन डब्यांतला, वजन करून कालवायचा. आणि दर वेळी कालवला की त्याच डिंकानं लाकडाचे दोन छोटे तुकडे चिकटवून बाजूला ठेवायचे. त्या जोडीला ही मंडळी साक्षीदार म्हणायची. डिंक वाळला की साक्षीदार शिकंज्यात धरून मोडायचा. लाकूड फाटलं, म्हणजे डिंक लाकडापेक्षा बळकट, कणा पास. सांध्यावरून सुटला तर कणा जाळून टाकायचा.

बुवानं याला आपला एक नियम जोडला होता, आणि तो नव्या माणसाच्या डोक्यात ठोकून बसवायचा. "साक्षीदार कण्याच्या अंगावर ठेवायचा. कणा गारठला तर तोही गारठला पाहिजे. वेगळा ठेवलेला साक्षीदार खोटं बोलतो."

हा नियम मोडला तो खुद्द बुवानं.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याची बायको अंथरुणाला खिळली. छाती भरलेली, बोलताना धाप. थंडी अशी की सकाळी परसातल्या बादलीवर बर्फाची साय धरायची. घरात शेगडी एकच होती, लोखंडी, मोठी. एरवी ती शेडमध्ये असायची, डिंक वाळायला ऊब लागते म्हणून. बुवानं ती उचलून बायकोच्या खोलीत नेली. त्यात कुणाला दोष देता येणार नाही. पण त्याच पंधरवड्यात त्याच्याकडे दोन विमानांचे कणे चिकटवायला आले होते. एक घड्याळजीचं, एक बसच्या ड्रायव्हरचं. "आता जमायचं नाही, उन्हाळ्यात या," एवढं म्हणायला हवं होतं. पण सरसबुवा कुणाला नाही कसा म्हणणार? त्यानं थंड शेडमध्ये कणे चिकटवले, शिकंजे एका दिवसाऐवजी तीन दिवस आवळून ठेवले. आणि साक्षीदार हातात घेऊन घरात आला, कारण बायकोला औषध द्यायची वेळ झाली होती. ते त्यानं स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर ठेवले. ते तिथंच वाळले.

चौथ्या दिवशी ते त्यानं बायकोच्या उशाशी बसून मोडले.

"फाटलं का?" तिनं विचारलं.

"फाटलं. हे बघ, तंतू तंतू निघालेत."

"तुमचं ते नेहमीच फाटतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली.

महिन्याभरात ती गेली. बुवानं कणे ज्याचे त्याला दिले.

घड्याळजीचं विमान पुढल्या वर्षी उडालं. अकरा महिने छान उडालं. गेल्या उन्हाळ्यात, शो झाल्यावर पंधरा दिवसांनी, आपल्याच दुकानाच्या छपरावरून गिरकी घेताना त्याचा डावा पंख निघाला. घड्याळजी पलीकडच्या शेतात पडला.

तिथं आधी पोचलेल्या चौघांत बुवा होता. बाकीचे माणसाकडे धावले. बुवाला चिखलात कण्याचा एक तुकडा दिसला. त्यानं तो उचलला. सांधा सुटलेला होता, फाटलेला नव्हता. धुतलेल्या ताटासारखा लख्ख. कुठं एक तंतू नाही. बुवाला चुलीवरची फळी आठवली. त्यानं तुकडा कोटाखाली घातला, घरी नेला आणि शेगडीत टाकला. डिंकाचा वास दोन दिवस घरात होता.

चौकशीला आलेल्या साहेबानं लिहिलं, की चालवणाऱ्यानं पंखावर वाजवीपेक्षा जास्त ताण दिला. लोकांनी त्याचं सोपं करून टाकलं: मस्ती नडली. घड्याळजीचा म्हातारा बाप, जो त्याच दुकानात पोराच्या मागं स्टुलावर बसायचा, त्यानं पोराचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. "बायको-लेकरं रस्त्यावर टाकून छपरावर नाचायला गेला. त्याचं तोंड नको मला," म्हणाला.

बुवा वर्षभर त्या रस्त्यानं गेला नाही. घड्याळ बंद पडलं तर तसंच ठेवलं. मनाला एकच टेकू होता: ड्रायव्हरच्या विमानाला इंजीन नव्हतं. पंख त्याच्या गोठ्यात टांगलेले होते आणि तसेच टांगलेले राहतील, असं बुवानं धरून टाकलं होतं.

या वर्षी शोला बुवा पोचला तेव्हा मैदानाच्या टोकाला, ताडपत्रीच्या शेजारी, पिवळंजर्द दोन माणसांचं विमान उभं होतं आणि ड्रायव्हर त्याच्या नाकावर हात ठेवून बायकोच्या माहेरच्यांना फोटो पाठवत होता.

"बुवा! सांगितलं नाही मुद्दाम. इंजीन मिळालं. घरापासून इथंवर उडवत आणलं, तीन तास! कशी आहे पोरगी?"

"बरी आहे," बुवा म्हणाला.

"बरी? तुमचा कणा आहे तिच्यात, आणि बरी?"

पाववाला ताटल्या लावत होता. तो म्हणाला, "बुवा स्वतःच्या कामाला बरंच म्हणतो रे. चांगलं म्हटलं की लोक आणखी काम घेऊन येतात."

सगळे हसले. बुवा खुर्चीत बसला आणि पिवळ्या पंखाकडे बघत राहिला. कापड ढोलकासारखं ताणलेलं होतं. आत काय आहे ते त्या मैदानावर एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

अकराच्या सुमाराला घड्याळजीची बायको आली. स्वतः गाडी चालवत आली होती. मंडळींनी तिला बोलावलं होतं. घड्याळजीच्या नावानं चार शब्द बोलायचे होते. ते बोलून झाले. कुणी काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण नेमकी तेव्हाच वरून लढाऊ विमानं गेली. ती हातात चहाचा पेला धरून उभी होती, चेहऱ्यावर काही नाही.

मग ड्रायव्हरला उमाळा आला. चांगला माणूस; बसमध्येही म्हाताऱ्यांना उतरायला हात द्यायचा. तो म्हणाला, "वहिनी, एक मागणं आहे. चार वाजता मला दहा मिनिटं मिळालीत मैदानावरून उडायला. तुम्ही पुढच्या सीटवर बसा. त्याच्या नावानं एक फेरी मारू."

"मी कधीच बसले नाही," ती म्हणाली. "हे म्हणायचे चल, मी म्हणायचे आधी वर्षभर उडवून दाखवा. एक महिना कमी पडला."

"म्हणूनच म्हणतो. त्याच्याच विमानाची बहीण आहे ही. एका शेडमध्ये, एका हातानं चिकटलेली. होय ना बुवा?"

"होय," बुवा म्हणाला.

"मग बसते," ती म्हणाली. "ह्यांना वरून एवढं काय दिसायचं ते बघू तरी."

आता चार वाजायला साडेचार तास होते. कुणाला वाटेल, बुवानं तिथल्या तिथं तोंड उघडलं असेल. बुवालाही तसंच वाटत होतं. तो तीन वेळा उठला. एकदा पाणी प्यायला, एकदा संडासला गेला, एकदा ड्रायव्हरच्या जवळ जाऊन म्हणाला, "वारं जास्त आहे आज." ड्रायव्हरनं वर बोट धरलं. ताडपत्रीची झालरसुद्धा हलत नव्हती.

जेवण झालं. दातांचा डॉक्टर, जो या कळपात नवा होता, बुवाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"बुवा, मी साक्षीदार शेडमध्येच ठेवतो तुम्ही सांगितल्याप्रमाणे. पण दोन-चार अंशांनी एवढा काय फरक पडतो हो?"

"पडतो," बुवा म्हणाला.

"तुम्ही कधी बघितलाय?"

बुवा उठून चालता झाला. डॉक्टरला वाटलं, म्हातारा रागावला.

तीन वाजता आवाज करत लढाऊ विमानं परत आली, सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि बुवानं खिशातला खिळा पिवळ्या विमानाच्या चाकात टाचेनं दाबून बसवला. विमान हळूच एका अंगाला कललं. बुवाला वर्षभरात पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

तो पाच मिनिटंच टिकला. "च्यायला, खिळा!" ड्रायव्हर ओरडला.

"सुताराच्या शेजारी विमान लावल्यावर दुसरं काय सापडणार?" पाववाला म्हणाला आणि आपल्या विमानाच्या पेटीतून नवी ट्यूब घेऊन आला. एकानं पंख उचलून धरला, दुसऱ्यानं चाक काढलं. जमातच ती, चाक बदलायला मिळालं म्हणून सगळे खुशीत होते. वीस मिनिटांत विमान सरळ उभं.

चारला दहा कमी. घड्याळजीच्या बायकोनं केस बांधले, पायातल्या चपला काढून डॉक्टरच्या हातात दिल्या आणि पुढच्या सीटवर चढली. पाववाल्यानं तिचे पट्टे आवळले. ड्रायव्हर मागं बसला. असल्या विमानाला बटण नसतं. पुढचा पंखा कुणीतरी हातानं फिरवून इंजीन सुरू करायचं असतं.

"बुवा," ड्रायव्हरनं हाक मारली, "मान तुमचा. फिरवा!"

बुवा पंख्यासमोर जाऊन उभा राहिला. लाकडी पात्यावर दोन्ही हात ठेवले. समोर, चार हातांवर, तिचं तोंड. वर्षभरात त्यानं ते एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं.

"फिरवा की! वेळ जाईल आपली."

"फिरवणार नाही," बुवा म्हणाला.

"काय?"

"उतरा. दोघंही. कणा कच्चा आहे."

ड्रायव्हर हसला, मग थांबला. "बुवा, ऊन लागलं का तुम्हाला? तीन तास उडवलंय मी."

"त्यानं अकरा महिने उडवलं होतं."

बुवानं सांगायला सुरुवात केली ती तुकड्या-तुकड्यांनी. शेगडी बायकोच्या खोलीत नेली. शेड गार होती. साक्षीदार चुलीवर वाळले. ऐकता ऐकता पाववाला म्हणाला, "नाही हो, बुवा, तुम्ही असं करणार नाही," जसं काही बुवाच्या हातून नियम मोडणं शक्यच नव्हतं.

"पंख उघड," बुवा ड्रायव्हरला म्हणाला. "मुळाशी वीतभर कापड काप. पटाशी घाल सांध्यात. लाकूड फाटलं तर माझ्या थोबाडीत मार आणि उड."

"सहा महिने लागलेत त्या कापडाला! उगाच कुणी म्हणतं म्हणून..."

"कापा," घड्याळजीची बायको ड्रायव्हरला म्हणाली. तिनं पट्टे सोडले होते. अनवाणीच गवतावर उतरून ती पंखाच्या मुळाशी येऊन उभी राहिली. "कापा भाऊजी. मला बघायचंय."

ड्रायव्हरनं चाकू बुवाच्या हातात दिला. स्वतःच्यानं होईना. बुवानं चौकोनी खिडकी पाडली. आत कण्याचं लाकूड दिसलं, पिवळसर, सुरेख, त्यावर त्याच्याच पेन्सिलीची सही. त्यानं पटाशी सांध्यावर टेकवली आणि तळहातानं एक थाप मारली. हातोडी लागलीच नाही. फळ्या वहीची पानं उघडावीत तशा सुटल्या. आत डिंक चकाकत होता, कुठंही एक तंतू नव्हता.

डॉक्टर नको तेवढा जवळ वाकला आणि मागं झाला. ड्रायव्हर पंखाला पाठ लावून खाली बसला. तीन तास, तो पुटपुटत होता, तीन तास.

ती मात्र त्या भेगेकडे बघत होती. "म्हणजे ह्यांनी मस्ती नव्हती केली."

"नाही."

"साधी गिरकी होती."

"साधी."

"मी ह्यांच्या नावानं रोज बोटं मोडलीत. पोरांसमोर." तिनं मान वर केली. "तुम्हाला हे कधी कळलं?"

इथं बुवाला एक दार उघडं होतं. आज कळलं, आत्ता डॉक्टरनं विचारलं तेव्हा ट्यूब पेटली, असं म्हटलं असतं तर मंडळींनी मानलंही असतं. त्यानं ओठ हलवले. तेवढ्यात वरून पुन्हा विमानं गेली, छातीच्या फासळ्या थरथरल्या.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत सांगा."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड होतं. "पडला त्याच दिवशी. कण्याचा तुकडा मी शेतातून उचलला. घरी नेऊन जाळला."

तिनं हात उगारला नाही, रडलीही नाही. डॉक्टरच्या हातातून चपला घेतल्या, एका पायावर उभं राहून एक घातली, मग दुसरी. पाववाल्यानं आणलेली खुर्ची तिनं पायानं बाजूला सारली. त्या जमातीतल्या कुणी बुवाकडे पाहिलं नाही. एकजण हळूच आपल्या विमानाकडे गेला आणि कण्यावरची तारीख कुठल्या महिन्याची ते आठवत उभा राहिला. मग आणखी एक गेला.

"चला," ती बुवाला म्हणाली.

"कुठं?"

"दुकानात. सासऱ्यांना सांगायला."

"लिहून देतो मी. सही करून..."

"त्यांना आता वाचता येत नाही, डोळे गेलेत. तोंडानं सांगायचं."

"आत्ता?"

"मग कधी? पुढच्या वर्षी?"

बुवानं ताडपत्रीखालचा आपला कोट घेतला. कुणी निरोप दिला नाही. तिच्या मागं चालत तो पिंपांवरून, गर्दीतून, आइस्क्रीम खाणाऱ्या पोरांमधून गाडीपर्यंत गेला. मागचं दार उघडायला लागला तर ती म्हणाली, "पुढं बसा. मागं ह्यांच्या बापाचं औषध आहे."

गाडी मैदानाबाहेर पडली. तिसऱ्या चौकात सिग्नल लागला.

"कसं सांगणार आहात, म्हणून दाखवा," ती म्हणाली. तिचे डोळे रस्त्यावर होते. इतकी वर्षं ती त्याला भाऊजी म्हणायची; मैदानापासून तिनं त्याला काहीच म्हटलं नव्हतं.

बुवानं सुरुवात केली. "त्या हिवाळ्यात माझी बायको आजारी होती..."

"बायकोपासून नका सुरू करू."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला तरी तिनं गाडी हलवली नाही.

"तुमच्या मुलाची चूक नव्हती," बुवा म्हणाला.

"हां," ती म्हणाली आणि गिअर टाकला. "पुढं?"